सेन्सर स्मार्ट, पण जागा चुकली

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सामायिक इमारतींतल्या ‘स्मार्ट’ सेन्सरचे हल्ली फार कौतुक वाचायला मिळते. अशाच एका इमारतीत मी दिवसाचे आठ-नऊ तास काढतो, म्हणून हे पत्र.

आमच्या मजल्यावरचा तापमानाचा सेन्सर झेरॉक्स मशीनच्या मागच्या भिंतीवर आहे. मशीन तापले की त्याला वाटते, अख्खा मजला तापला. एसी जोर धरतो आणि झोताखाली बसलेली मंडळी स्वेटर घालून टाइप करत राहतात. तक्रार केली की पडद्यावरचा आकडा दाखवतात : २४ अंश! आकडा खरा आहे हो, पण तो मशीनच्या पाठीमागचा. बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर असते. मोजायचे तर त्या उंचीवर, ऊन आणि झोत टाळून मोजावे.

अर्थात, तापमानावरून होणारी भांडणे सेन्सरने मिटतील या भ्रमात मी नाही. माणसाला कोणते हवामान सुखाचे वाटते याचा अभ्यास करणारे डेन्मार्कचे संशोधक फँगर यांनी १९७० सालीच हवेच्या तापमानासोबत भिंती-खिडक्यांची उष्णता, आर्द्रता, वारा, कपडे आणि शरीराची हालचाल हिशेबात धरली होती. सगळे जुळून आले तरी शंभरातले पाच जण नाराजच राहणार, असे त्यांचेच गणित सांगते. आमच्याकडे ते पाचही एकाच रांगेत बसतात.

सेन्सरचा खरा उपयोग मला दिसला तो मीटिंग रूममध्ये. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो. दार बंद करून आम्ही आठ जण बसलो होतो, तासाभराने माझ्या छोट्या मीटरवर १,६०० दिसले. तोवर जांभयांचे खापर आम्ही बोलणाऱ्यावर फोडत होतो! दार उघडले तसा आकडा उतरू लागला.

इथेही एक मेख आहे. यातले बरेच सेन्सर काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असे धरून स्वतःला जुळवून घेतात. चोवीस तास माणसे असलेल्या इमारतीत हे गृहीतकच चुकते आणि कोंदट हवाही बरी दिसू लागते. तिथे अधूनमधून खुल्या हवेत तपासणी करायलाच हवी.

आणि हे आकडे व्यवस्थापकाच्या संगणकात का कोंडून ठेवायचे? खोलीच्या दारावर लावा, आत बसलेलेच दार उघडतील. मात्र कोण किती वेळ जागेवर होता, हे त्याच यंत्रणेतून मोजायचे असेल तर तसे आधी सांगा.

बाकी सगळे सवडीने होऊ द्या. झेरॉक्समागचा सेन्सर तेवढा हलवा. दोन स्क्रू आणि हातभर वायर, एवढेच काम आहे.

– एक वाचक