सई, ती रक्ताची आयएनआर तपासणी करून घे

नाशिकरोड
रविवार, रात्री

चि. सईस अनेक आशीर्वाद.

कुलकर्ण्यांचा नितीन उद्या पहाटे पुण्याला निघतोय. त्याच्या गाडीत तुझी पिशवी देतोय. काळे मनुके, राजगिऱ्याच्या लाह्या, आईनं केलेलं मेतकूट आणि हे पत्र. फोनवर तू "बाबा, मी ठीक आहे" म्हणतेस आणि त्यापुढे मला काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या कावीळीच्या रिपोर्टात बिलिरुबिन ८.२ आणि एसजीपीटी हजाराच्या वर, लिव्हर बिघडल्याचे हे आकडे मला ताईकडून कळले. तिला आधी सांगितलंस, हरकत नाही. डॉक्टर म्हणाले हिपॅटायटिस ए आहे, विश्रांतीनं बरा होतो. ते खरं आहे, मीही वाचलं. बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो, आणि एकदा बरा झाला की तो शरीरात दबा धरून राहत नाही. पण लिव्हर कितपत काम करतंय हे नुसत्या बिलिरुबिनवरून कळत नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्यावरून जास्त कळतं. त्याची पीटी-आयएनआर नावाची तपासणी असते आणि ती तुझ्या रिपोर्टात कुठेच नाही. ती करून घे. बस, कावीळीचं एवढंच. आता दुसरं लिहितो.

ताईचा ओजस आलाय. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलंय म्हणतात, त्यामुळे त्याला घाटावर नेता येत नाही. सारखा मोबाइल मागत होता. शेवटी मी कपाटाच्या वरच्या खणातून 'मेरी पॉपिन्स'ची, बँक्सांच्या मुलांना सांभाळणाऱ्या जादूच्या बाईच्या त्या सिनेमाची, डीव्हीडी काढली, काकांनी पाठवलेली. आपल्याकडे आधी त्याची कॅसेट होती, देवी चौकातल्या लायब्ररीतून आणायचो, तू दर वेळी तीच मागायचीस म्हणून तो माणूस आपल्याला बघून न विचारता तीच काढून ठेवायचा. डीव्हीडी अजून चालते. फक्त छपरांवर धुराडी साफ करणारे नाचतात ना, तिथे अडकते. मी तबकडी बनियनच्या कापडानं मधून कडेकडे पुसली, गोल नाही पुसायची, मग एकदा गचका देऊन पुढे गेली.

तुला औषधाचा प्रसंग आठवतो? मेरी पॉपिन्स एकाच बाटलीतून ओतते आणि चमच्यात प्रत्येकाचा रंग वेगळा येतो. तुझ्या टॉन्सिलच्या दिवसांत तू हट्ट धरला होतास की आपल्या बाटलीतूनही लाल औषध आलं पाहिजे. आई आधी चमच्यात कोकम सरबताचे दोन थेंब टाकायची आणि तू डोळे मोठे करून बघायचीस. त्या प्रसंगातलं गाणं कसं सुचलं ते मला परवाच वाचायला मिळालं. गाणी शर्मन बंधूंची. त्यांतला रॉबर्ट एक दिवस घरी आला, मुलाला शाळेत पोलिओची लस दिली होती. बापानं विचारलं, दुखलं का? मुलगा म्हणाला, छे, साखरेच्या खड्यावर थेंब टाकून खायला दिली. त्यातून ते साखरेच्या चमच्याचं गाणं आलं. आणि त्या १९६४ च्या सिनेमाला पाच ऑस्कर मिळाली. घरी आल्यावर बापानं विचारलेल्या एका प्रश्नातून ही गोष्ट सुरू झाली, हे मला फार आवडलं. आवडलं म्हणून आईलाही वाचून दाखवलं.

बँकेतला तो बेरकी म्हातारा आणि धुराडी साफ करणारा बर्ट, दोघांचंही काम एकाच नटानं केलंय, डिक व्हॅन डाइकनं. शेवटी नावं येतात तिथे ओजसनं पॉज केलं. आधी अक्षरं उलटीसुलटी दिसतात आणि मग जागेवर येऊन त्याचं नाव होतं. ओजसला ते चार वेळा बघायचं होतं. आपण इतकी वर्षं टीव्ही त्याआधीच बंद करत होतो बघ.

आणि बँक्सांच्या धाकट्या मायकेलची दोन पेन्स! त्याला कबुतरांना दाणे घ्यायचेत, बँकवाल्यांना ते खात्यात हवेत, आणि तो ओरडतो की माझे पैसे परत द्या. ते ऐकून सगळे खातेदार पैसे काढायला धावतात. तो सिनेमा बघून आल्यावरच तू पोस्टाच्या खिडकीशी माझ्या हाताला लोंबकळून तस्सं ओरडली होतीस. मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मी नोट प्रेसमध्ये, दिवसभर कोऱ्या नोटा डोळ्यांसमोर, सुटताना गेटवर झडती, आणि माझी मुलगी दहा रुपयांसाठी पोस्ट डोक्यावर घेतेय. घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. तेव्हाच मला वाटलं होतं की ही कुणाला घाबरणार नाही. परवा तुझ्या मॅनेजरनं सगळ्या टीमपुढे तुझं नाव घेतलं हे ताईनं सांगितलं तेव्हा मला ती खिडकीच आठवली. तू स्वतः सांगितलं नाहीस. अशा गोष्टी बापाला सांगायच्या असतात, सई. आजारपणही आणि हेही.

आता जे लिहितोय ते लिहायचं नव्हतं. सिनेमा संपल्यावर मी ओजसला सांगायचं म्हणून शोधलं की तो मायकेल आता काय करतो. मॅथ्यू गार्बर त्याचं नाव. फक्त तीन सिनेमांत काम केलं, तिन्हींत त्याच्या बहिणीचं, जेनचं, काम करणारी कॅरन डॉट्रिसच बरोबर. भारतात आलेला असताना त्याला हिपॅटायटिस झाला. दुखणं स्वादुपिंडापर्यंत गेलं आणि जून १९७७ मध्ये तो गेला. वय २१. मी मोबाइल उलटा ठेवला. ओजसला म्हटलं, मोठा झाला तो, चल जेवायला.

तेव्हा कुठल्याच कावीळीवर लस नव्हती. हिपॅटायटिस ए चा विषाणू जेमतेम १९७३ मध्ये सापडला होता. आज तपासण्या आहेत, डॉक्टर आहेत, तू वेळेवर रक्त दिलंस. तुझं आणि त्याचं एक नाही, हे मला कळतं. पण रात्री दोनला कळत नाही. म्हणून विचारतो, आयएनआर केलीस का?

फ्लॅटवर पाणी उकळता का तुम्ही? नुसतं कोमट करून चालत नाही, खळखळून उकळी यायला हवी. तुझ्या मैत्रिणींनाही लस घ्यायला सांग, आणि हे आधीच करायला हवं होतं, कारण लागण झाल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते सहा आठवडे जातात, तोवर माणूस सगळ्यांच्या ताटात हात घालत असतो. पाणीपुरी, त्या टपरीवरचा बर्फ, रात्री बाराला मागवलेलं जेवण, किती वेळा सांगितलं होतं मी... नाही. राहू दे. पडून असलेल्या माणसाला हे ऐकवायचं नसतं. पावसाळ्यात घरचं पाणी पिणाऱ्यालाही होते कावीळ. तुझा काही दोष नाही. माफ कर.

मावशीचा फोन येईल. ती ओढा गावच्या त्या बाईकडून माळ आणायची म्हणतेय, गळ्यात घातली की वाढत जाते आणि कावीळ उतरते वगैरे. मी तिला नाही सांगितलंय, तूही सांग. नाकात-डोळ्यात काही घालून घ्यायचं नाही. उसाचा रसही रस्त्यावरचा नको.

मिस्टर बँक्सना बँकेतून काढून टाकतात तो प्रसंग ओजसला कळला नाही, पण तो गप्प बसून बघत होता. हॅटला भोक पाडतात, छत्री उलटी करतात, कोटावरचं फूल चुरगाळतात. आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस पोरांचा फाटका पतंग चिकटवून आणतो. बायको मताधिकाराच्या मोर्चातला आपला पट्टा काढून त्याची शेपटी करते. तिथे मला येवल्याची मामाची गच्ची आठवली. तू मांज्याची फिरकी, ती आसारी, धरून उभी, तुझ्याहून आसारीच मोठी, आणि मांजा सुटला की तुझ्यासकट फिरायची. पतंग कटला तरी तू आसारी सोडायची नाहीस. अंगठ्याखाली चिरलं होतं, ते संध्याकाळी आईनं हात धुताना बघितलं. तू दिवसभर कुणाला बोलली नव्हतीस. तेव्हा मी कौतुक केलं होतं.

आता तसं करू नकोस. लॅपटॉप बंद कर. कंपनीला मेडिकल सर्टिफिकेट दे आणि घरी ये. प्रोजेक्टची तारीख आहे हे तू तीनदा सांगितलंस, मी ऐकलं. काम महत्त्वाचं आहे, तुझं तर मला स्वतःच्या नोकरीहून महत्त्वाचं वाटतं. पण माळ्यावरची खोली रिकामी आहे, आई मुगाचं वरण-भात करेल, तू कॉटवर पडून राहशील आणि मी दर तासाला विचारणार नाही. दोन तासांनी विचारीन.

तू हो म्हण किंवा नको म्हण, शनिवारी पहाटेच्या बसनं मी शिवाजीनगरला येतोय. सिन्नर-संगमनेरमार्गे, चाकणला अडकलो तर उशीर होईल, तू खाली उतरू नकोस, मी वर येईन. बॅग भरायला ताईनं तुझ्या रूममेटला सांगितलंय. डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटलं तर मी तिथेच थांबेन, गेस्ट हाऊस बघून ठेवलंय.

मधल्या दिवसांत सारखी उलटी झाली, फार झोप यायला लागली, बोलताना गोंधळायला लागलं, हिरड्यांतून रक्त आलं, यातलं काहीही झालं तर शनिवारची वाट बघायची नाही. सरळ हॉस्पिटल, आणि मला फोन. रात्री कितीही वाजता. ताप आला तरी मनानं क्रोसिन घेऊ नकोस, आधी डॉक्टरांना विचार.

आईचे आशीर्वाद. ओजस म्हणतो मावशीला सांग की म्हातारा आणि बर्ट एकच आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. आयएनआरचा रिपोर्ट आला की व्हॉट्सॲपवर टाक. फोटो पानाचा पूर्ण काढ, मागच्या वेळी उजवीकडचे आकडे कापले गेले होते.