अकाउंट्सच्या मॅडम, वॉटर जंपसाठी थँक्यू

मॅडम, नमस्कार.

तुम्ही असलं काही वाचत बसत नाही हे माहितीये मला, पण तुमची मुलगी वाचते आणि ती तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल ह्या भरवशावर लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला चालणारच नाही ते. विद्यापीठाचंही टाकत नाही कारण खाली थोडं वाकडं पण लिहिणारे.

मी तुमच्या सेक्शनला पहिल्यांदा आले ती भांडायला आले होते. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊन येऊन तीन महिने झालेले, डीएचा, म्हणजे स्पर्धेच्या दैनिक भत्त्याचा, पत्ता नाही, प्रॅक्टिसवरून तशीच घामाघूम आलेली, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत वर. तुम्ही डबा खात होतात, शेपूची भाजी, वास पार जिन्यापर्यंत. मी बिलाची झेरॉक्स टेबलावर आपटली आणि तुम्ही बिलाकडे बघितलंच नाही, माझ्या नडगीकडे बघितलं आणि म्हणालात, "हे कुठे सोललंस एवढं?"

कुणीच विचारलं नव्हतं ना, म्हणून मग सगळं सांगत सुटले. की स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटर पळायचं, त्यात २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याची उडी, म्हणजे वॉटर जंप. की हर्डल्समध्ये हर्डल पाय लागला की पडतं, आमचा अडथळा पडत नाही, आपण पडतो. की आपल्या ग्राउंडवर वॉटर जंपच नाही. वॉटर जंप सोडा, ट्रॅकच मातीचा, पावसात चुन्याच्या लाईनी वाहून जायच्या आणि दिवाळीपर्यंत आतल्या लेनमध्ये गवत. आमचे कोच सर लांब उडीच्या वाळूच्या पिटापुढे हर्डल ठेवायचे आणि म्हणायचे हेच पाणी समज. दोन वर्षं वाळूला पाणी समजून उड्या मारल्या मॅडम. स्पर्धेत खऱ्या पाण्यात पाय पडला तेव्हा कळलं की पाणी पाय धरून ठेवतं, बूट जड होतात, बाहेर निघायला जास्तीचं एक पाऊल लागतं आणि प्रत्येक फेरीला दम तिथेच जातो. पाचव्या उडीला नडगी घासली आणि मी तोंडावर पाण्यात. शेवटून दुसरी आले.

तुम्ही डब्याला झाकण लावलं, हात धुऊन आलात आणि कपाटातून ती जाड फाईल काढली, पिवळ्या दोरीची. मला वाटलं माझं बिल शोधताय. तुम्ही बोट ठेवून विचारलंत, "वॉटर जंप म्हणजे हे का गं?"

त्या कागदावर त्या ओळीवर पेन्सिलने आडवी रेघ मारलेली होती. दिल्लीच्या अनुदानातून सिंथेटिक ट्रॅक मंजूर झालाय एवढं आम्हाला माहिती होतं, पेढे पण वाटून झाले होते. पण निविदा अंदाजापेक्षा वरच्या दराने आली म्हणून कमिटीने काही आयटम "पुढील टप्प्यात" ढकललेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. वॉटर जंप गेला, मुलींची चेंजिंग रूम गेली. पॅव्हेलियनच्या दर्शनी भागाचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवरचं शोभेचं आवरण, मात्र जागच्या जागी होतं, ह्यावर मी जास्त बोलत नाही. आणि पुढचा टप्पा म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहिती. ट्रॅक एकदा झाला की वॉटर जंपसाठी तो परत फोडायचा, कोण फोडणारे.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आजही सगळ्यांना सांगते. "मला उडी कळत नाही, मला आयटम कळतो. मंजुरीपत्रात आहे आणि कामात नाही, मग शेवटचा हप्ता मागताना मी लिहू काय?"

आमच्या सरांनी खेळाडूंची गरज, राष्ट्रीय दर्जा, ग्रामीण मुली वगैरे सगळं मीटिंगमध्ये मांडून झालं होतं. रिओला २०१६ मध्ये ललिता बाबर ह्याच इव्हेंटच्या फायनलला पळाली, माणदेशातली मुलगी, हे सुद्धा सांगितलं म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला. तुम्ही अर्ध्या पानाची टिपणी लिहिलीत की मंजूर कामात परस्पर कपात केली तर पुढचं अनुदान अडकू शकतं, आणि दोन आठवड्यांत वॉटर जंप परत आला, मागोमाग चेंजिंग रूम पण. क्लॅडिंग गेलं. मला तेव्हा राग आला होता खरं सांगते, की आमची नडगी फुटते ते चालतं ह्यांना पण हप्ता अडकलेला चालत नाही. आता नोकरीला लागले, दोन-चार फाईली बघितल्या, आता हसू येतं.

अनुदान मंजूर होणं आणि पैसे येणं ह्यातलं अंतर पण मला तुमच्यामुळेच कळलं. आम्हाला वाटायचं दिल्लीहून कोटी निघाले की सरळ ग्राउंडवर येऊन पडतात. ते हप्त्याने येतात, आधीच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा नाही, त्याचा तो जीएफआर १२-ए फॉर्म, त्यावर सही-शिक्के, बँकेत पैसे पडून राहिले तर त्याचं व्याजसुद्धा वेगळं दाखवून सरकारला परत. त्या मार्चमध्ये तुमच्या टेबलावर रात्री आठलाही लाईट असायचा, आम्ही प्रॅक्टिस संपवून जाताना दिसायचा. कॉन्ट्रॅक्टरचं एक बिल मेजरमेंट बुकशी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाच्या वहीशी, जुळत नव्हतं, इंजिनियर साहेब रजेवर, आणि तुम्ही त्यांच्या घरी जाऊन सही आणलीत हे मला शिपाईकाकांनी सांगितलं, तुम्ही कधीच सांगितलं नाही.

आणि ते मार्चमध्येच का व्हायला हवं होतं तेही लिहिते, कारण लोकांना वाटतं महिनाभर इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं. खाली मुरूम, खडी, त्यावर डांबर, ते काही आठवडे तसंच मुरू द्यायचं, मग वर तो लाल पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर, जेमतेम १३ मिलिमीटर. तो ओल्यावर बसत नाही, फुगे येतात. म्हणजे हप्ता मार्चऐवजी मे-जूनला आला असता की पाऊस, की वर्ष गेलं. आमचं एम.ए. दोनच वर्षांचं होतं मॅडम. एक आधीच गेलेलं.

एकदा मी तुम्हाला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायला लागले होते, आठवतंय? १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले आणि खाशाबा ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला खर्डेकरांचं नाव आहे आणि पुण्याच्या विद्यापीठातल्या क्रीडा संकुलाला खाशाबांचं. मी अगदी भारावून सांगत होते, तुम्ही व्हाउचर लावता लावता म्हणालात, "परत कुणाला घर गहाण टाकायला लागू नये म्हणूनच तर हे कागद असतात, आता ते पंचिंग मशीन दे इकडे."

वॉटर जंपमध्ये पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी तुम्हाला फोन केला होता पण तुम्ही ऑडिटमध्ये होतात. ३.६६ मीटर लांब, अडथळ्याच्या पायथ्याशी खोल आणि पुढे उथळ होत ट्रॅकला मिळतो, त्यामुळे जितकी लांब उडी तितकं कमी पाणी. टँकरने भरला. मी दुष्काळी गावची, आमच्याकडे टँकर आला की बायका हंडे घेऊन पळायच्या, मीही पळालेय, कदाचित पळायची सवय तिथलीच, आणि इथे अख्खा टँकर उडी मारायला ओतला हे बघून पोटात कसंतरी झालं. पहिल्या दिवशी नीट उडीच मारता आली नाही मला. नंतर माळीकाकांनी सांगितलं की सरावानंतर हे पाणी कडेच्या झाडांना सोडायचं ठरलंय, मग जरा बरं वाटलं. त्या वर्षी स्पर्धेत सातही उड्या न पडता मारल्या. मेडल नाही आलं, सहावी आले, पण स्वतःच्या टायमिंगमधले बावीस सेकंद कमी झाले.

तुमच्या रिटायरमेंटला मी येऊ शकले नाही. पण त्याआधी एकदा तुम्ही ग्राउंडवर आला होतात, शनिवार होता, गेटवरच्या सिक्युरिटीने अडवलं की चप्पल घालून ट्रॅकवर जायचं नाही. पुण्याच्या बालेवाडी स्टेडियममध्ये २०२१ मध्ये ट्रॅकवर गाड्या गेल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आपल्याकडे निदान चपलेला तरी अडवतात. तुम्ही मुकाट्याने चपला काढल्यात, पर्समध्ये प्लॅस्टिकची पिशवी होतीच, त्यात घातल्या आणि पदर खोचून आठव्या लेनमधून एक राऊंड मारलात. मी आतल्या लेनमधून सोबत चालत होते. तुम्ही विचारलंत किती झालं, मी म्हटलं माझं ४००, तुमच्या लेनचं साधारण ४५३ होतं. तुम्ही थांबलात आणि विचारलंत, "मग वरचे ५३ मीटर खर्चाच्या कुठल्या हेडखाली टाकायचे?"

थँक्यू मॅडम. खूप म्हणजे खूप.

तुमची,
सोललेल्या नडगीवाली

ता. क. ते पहिलं डीएचं बिल अजून जमा झालेलं नाही. तुमच्या जागी आलेले सर म्हणतात फाईल सापडत नाही. पिवळ्या दोरीची होती का लाल, तेवढं आठवलं तर मुलीकडून कळवा.