केबल तीच, मशीन तेच, मग कॉम्प्युटर ओळखत का नाही?

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी एकच सांगते: नव्या कॉम्प्युटरवर आकडे येत नाहीत म्हणून आपल्या डेअरीतलं दुधाचं फॅट मोजायचं मशीन बदलायचं नाही. पलूसहून आलेल्या त्या मेकॅनिकने "मशीन गेलं, नवीन घ्या" म्हणत पन्नास हजारांचा आकडा टाकला ना, त्याला सध्या "बघतो" म्हणा. मशीन गेलं असतं तर त्याच्या स्वतःच्या डिस्प्लेवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दिसलंच नसतं. म्हशीचं सहा-साडेसहा, गाईचं साडेतीन-चार असं रोजच्यासारखं दिसतंय, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. म्हणजे दूध नीट मोजलं जातंय. मोजलेला आकडा तेवढा कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाहीये.

"केबल तीच, मशीन तेच, मग बिघडलं काय?" हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. यातलं काहीच बिघडलेलं नाही. बदललाय तो कॉम्प्युटर. आणि हे मी अंदाजाने सांगत नाही, आईने काढलेल्या फोटोत ते लिहिलेलं आहे. आई, तू स्क्रीनचा फोटो इतका स्वच्छ काढलास म्हणून बरं झालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, पोर्ट्सच्या खाली पिवळा त्रिकोण आहे आणि त्याच्यापुढे मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ आहे. ती म्हणते, ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, जिथून घेतली तिथे विचारा. मेकॅनिकने त्रिकोण पाहिला, ओळ वाचली नाही. वाचली असती तर पन्नास हजार कुठून आले असते म्हणा!

बाबा, आता ही चिप कुठली, ते सांगते. आपलं मशीन बोलतं ती पद्धत आरएस-२३२, १९६० सालची. एका तारेवरून एकामागून एक संदेश पाठवायचे, एवढंच तिचं काम. पूर्वीच्या कॉम्प्युटरला मागे नऊ पिनांचं सॉकेट असायचं, त्यात वायर थेट लागायची. १९९६ मध्ये यूएसबी आलं आणि पुढे ते सॉकेट हळूहळू नाहीसं झालं. म्हणून आपण मधे ती निळी केबल लावतो: एका टोकाला नऊ पिना, दुसऱ्या टोकाला यूएसबी. तिच्या जाड टोकात एक चिप असते, ती दुभाष्याचं काम करते. मशीनचं म्हणणं कॉम्प्युटरला आणि कॉम्प्युटरचं मशीनला. पण दुभाषी आला म्हणून कॉम्प्युटर लगेच त्याचं ऐकत नाही, त्या चिपसाठी ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं आणि त्या वेळचा ड्रायव्हर होता, म्हणून इतकी वर्षं काही अडलं नाही. नव्यावर विंडोज ११ आहे. चिप बनवणाऱ्या कंपनीने नव्या ड्रायव्हरमधून ही जुनी चिप मुद्दाम वगळली, कारण बाजारात तिच्या नकला फार झाल्या होत्या. नकलांबरोबर अस्सल जुन्या चिपही बाहेर पडल्या. आपली अस्सल होती की नकली, देव जाणे. तासगावातून घेतली तेव्हा पिशवीवर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं.

या धंद्यात हे नवीन नाही. २०१४ मध्ये एफटीडीआय नावाच्या स्कॉटलंडमधल्या कंपनीचा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. कॉम्प्युटर त्यांना ओळखेनासे झाले. आरडाओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला. नकली माल बनवणारा राहिला बाजूला, भुर्दंड पडला तो भोळेपणाने विकत घेणाऱ्याला. मला हे मुळीच पटत नाही, पण निदान आपण त्यातून शहाणं व्हावं.

शेजारचा पोरगा म्हणतोय तसा जुना ड्रायव्हर शोधून बसवता येतो. बरेच जण तसंच करतात आणि चालतंही. पण एखाद्या रात्री विंडोज अपडेट होईल, नवा ड्रायव्हर परत येऊन बसेल आणि पहाटे साडेपाचला लोक किटल्या घेऊन दारात उभे असताना तुम्हाला पुन्हा तोच त्रिकोण दिसेल. संकलनाच्या वेळी असा धोका नको. म्हणून मी अस्सल एफटीडीआय चिपची केबल मागवलीय, दीड हजाराच्या आतच पडली. इथून कुरिअरने पाठवतेय.

आली की असं करा. मशीन बंद ठेवून जुनी केबल काढा. मशीनकडून येणाऱ्या वायरला हात लावू नका, ती तशीच राहू दे. फक्त तिच्या पिना बघा. दुधाचे थेंब, धुण्याचं पाणी, वर आपल्याकडची पावसाळ्यातली ओल, यांनी पिनांवर हिरवट थर धरतो. असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. मग नवी केबल जोडून दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळा. नुसती खोचून ठेवली की कोणाचा तरी पाय लागतो आणि निघते. यूएसबीचं टोक कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावा, पुढच्या नाही. पुढची सॉकेटं आतल्या वायरीने जोडलेली असतात आणि ती वायर सैल झाली की नसते घोळ होतात.

लावल्याबरोबर कॉम्प्युटर टिंग असा आवाज करेल. आवाजच आला नाही तर दुसऱ्या सॉकेटात लावून बघा. आवाज आला की स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात पोर्ट्स. आई, हे तू कर, बाबा माउस फार जोरात दाबतात. तिथे त्रिकोण नसेल आणि कॉम ५, कॉम ६ असा काहीतरी पोर्टचा नंबर दिसेल. इंटरनेट चालू असेल तर ड्रायव्हर तो आपला आपण आणतो, दोन मिनिटं थांब. जो आकडा दिसेल तोच डेअरीच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगच्या पानावर पोर्टच्या रकान्यात टाकायचा. तिथे आत्ता कॉम ३ आहे. त्याच्याखालचा ९६०० हा वेग मात्र बदलू नका, तो मशीनशी जुळलेला आहे.

यावरून आठवलं. दिवाळीच्या साफसफाईनंतर आकडे येणं बंद व्हायचं आणि तुम्ही झाडणाऱ्यांवर चिडायचात, ते का होत होतं माहीत आहे? जुन्या केबलला स्वतःचा सीरियल नंबर नव्हता. दुसऱ्या सॉकेटात लावली की विंडोज तिला नवी समजून वेगळा कॉम नंबर द्यायचं आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट बघत बसायचं. नव्या केबलला नंबर आहे, ती कुठेही लावली तरी तोच कॉम राहील.

तोवर वहीत लिहा, दुसरा इलाज नाही. पण बाबा, वहीत लिहिताना मशीनचा डिस्प्ले सभासदाकडे वळवून ठेवा. स्लिप नसली की पॉइंटभर फॅट कमी दिसलं तरी माणसाच्या मनात येतं, आणि बोलत कोणी नाही, लोक सरळ दुसऱ्या डेअरीला दूध घालायला लागतात. आता दहा दिवसांचं बिल निघायचंय. वहीतले आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरताना आई वाचेल आणि बाबा टाइप करतील असं करा. एकट्याने भरलं की सकाळचं दूध संध्याकाळच्या रकान्यात जातं.

एवढं करूनही आकडा आला नाही तर मला फोन करा, मी कॉम्प्युटर इथून बघते. मेकॅनिक परत आला तर त्याला चहा द्या, मशीन उघडू देऊ नका.

आई, गुडघ्याचं तेल केबलच्याच खोक्यात ठेवलंय. पहिली स्लिप निघाली की फोटो पाठव, फॅटचा आकडा दिसेल असा.

तुमची,
ताई