आईची खाणावळ भाडेपावतीवर नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत करी रोड-लोअर परळच्या नवीन कॅफे, बेकऱ्या, बुटिकवरचा लेख वाचला. फोटो मस्त होते, आमच्या बिल्डिंगखालच्या कॅफेचा पण एक होता. राग वगैरे नाही आला, खोटं कशाला बोलू, पण गिरण्या गेल्यावर हा भाग ओस पडला होता आणि आता इथे धंदा परत आला असा जो लेखाचा सूर होता तो काही डोक्यातून जाईना. ओस कधी पडला होता हो? आम्ही तिथेच होतो की.

माझी आई लग्न होऊन सिंधुदुर्गातून चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आली आणि दोन वर्षांत तिने खाणावळ सुरू केली. बावीस मेंबर. तेव्हा गावकऱ्यांच्या खोल्या असायच्या, एका गावचे वीस-पंचवीस पुरुष एका खोलीत, पाळीप्रमाणे झोपायचे, एक कामावर गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा, बायकामुलं गावाला, मग जेवणार कुठे तर आमच्यासारख्यांकडे. पहिल्या पाळीच्या डब्यासाठी आई पहाटे साडेतीनला उठायची, आणि रातपाळीवाल्यांचं आटपून झोपायला बारा. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर, तोपर्यंत वाण्याची उधारी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, तेव्हा आमचे बरेच मेंबर गावी निघून गेले आणि जे राहिले ते वहीवर जेवले. ती वही अजून आमच्याकडे आहे. त्यातले बरेचसे पैसे कधी आलेच नाहीत आणि आईने मागितले पण नाहीत, एकाने मात्र पाच-सहा वर्षांनी गावाहून उकड्या तांदळाची गोण पाठवली होती, सोबत चिठ्ठी नाही की काही नाही.

हे सगळं आठवण म्हणून नाही सांगत. मुद्दा असा आहे की हा धंदा होता. १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी बँकेलासुद्धा या बायका धंदेवाल्या म्हणून दिसल्या होत्या. आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा मात्र सर्व्हेवाल्याला त्या दिसल्या नाहीत.

झालं असं की सर्व्हेला आलेला मुलगा भाडेपावती बघायचा. पावतीवर दुकान लिहिलंय तर दुकान, खोली लिहिलीय तर खोली. पागडीवाल्या, म्हणजे एकरकमी पैसे भरून कायमच्या भाड्यावर असलेल्या दुकानदारांना त्यांच्या जागेएवढा गाळा नव्या इमारतीत मिळतो, तसा कायदाच आहे, चांगलं आहे. पण जिन्याखाली बसणारा शिंपी, बोळातला इस्त्रीवाला, गॅलरीत पापड वाळत घालणाऱ्या बायका, अकरा महिन्यांच्या करारावरचा चप्पलवाला, आणि घरातून डबे देणारी मी, आम्ही कुठल्याच कॉलममध्ये बसत नव्हतो. मी त्याला म्हटलं अरे लिही की खाणावळ, तर म्हणाला काकी पावतीवर नाहीये. आईने चाळीस वर्षं चालवली ती पावतीवर नव्हतीच ना!

बरं, नवीन धंद्यांनी माझं वाईट केलं असंही नाही. गिरण्यांच्या जागेवर ऑफिसं आली तेव्हा सगळ्यात आधी त्या मुलांचे डबे मीच देत होते, चाळीस डबे रोज, पोळी-भाजी-वरण-भात, बुधवारी मच्छी. दोन्ही मुलांची कॉलेजं त्यावर झाली. त्यामुळे कॅफेवाल्यांना शिव्या घालणारे आमचे काही शेजारी आहेत त्यांच्यात मी नाही. हां, त्या कॅफेत भिंतीवर गिरणीतली जुनी बॉबिनं लावलीयत आणि टमलेटसारख्या मगात कटिंग एकशे ऐंशीला देतात, ते बघून हसू येतं. माझे वडील गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत होते, त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते ही बॉबिनं उलटी लावलीयत.

राग मला नियम बनवणाऱ्यांचा येतो. १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ला त्यात बदल केला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची असं ठरलं, म्हणजे शेड उभी असलेली जागा त्यातून बाहेर, आणि गिरणीत शेड सोडून मोकळं असतं किती? २००६ला सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. मग आमच्या वाट्याला काय आलं तर गर्दी. गिरणीकामगार चालत कामावर जायचा, चाळ आणि गिरणी दोन्ही एकाच भोंग्याच्या टप्प्यात, ऑफिसवाला मात्र विरार-कल्याणहून ट्रेनने येतो, पण स्टेशनचे जिने तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कमला मिलच्या आगीत १४. पुढे डिलाईल रोडचा पूल २०१८ला बंद झाला तो पूर्ण उघडायला २०२३ उजाडलं, त्या पाच वर्षांत पुलाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या दुकानदारांनी काय केलं असेल ते त्यांनाच माहीत.

लालबागची मसाला गल्ली टिकली असं लोक मला सांगतात. टिकली, कारण एप्रिल-मेमध्ये अख्ख्या मुंबईतून बायका मिरच्या-धणे घेऊन डंकावर कुटायला येतात आणि बऱ्याच दुकानांना पावती आहे. पावती आणि गिऱ्हाईक दोन्ही असलं की टिकतं, आमच्याकडे गिऱ्हाईक होतं.

आता मी चौदाव्या मजल्यावर राहते. घर चांगलंय, स्वतःचा संडास आहे, चाळीत लाईन लावलीय त्यालाच याची किंमत कळेल. पण सोसायटीची नोटीस आहे की फ्लॅटमध्ये धंदा चालणार नाही, डब्याच्या पिशव्या लिफ्टमधून नेल्या तर तक्रार, वॉचमन डिलिव्हरीच्या मुलाला गेटवरच अडवतो. फूड लायसन्सवाल्यांकडे माझं रजिस्ट्रेशन आहे, वर्षाला शंभर रुपये भरते, म्हणजे तिथे मी धंदेवाली आणि सोसायटीत नाही. चाळीस डब्यांचे आता अकरा राहिलेत. मेंटेनन्स मात्र दर महिन्याला येतो.

म्हणून या पत्रातून एवढंच मागणं आहे की सर्व्हेच्या फॉर्मात एक कॉलम वाढवा, घरातून किंवा जिन्याखाली काय काम चालतं त्याचा, आणि प्रत्येक पुनर्वसन इमारतीत तळमजल्यावर दोन-चार लहान ओटे आणि एक सामायिक स्वयंपाकघर द्या, भाड्याने द्या, फुकट नको. जिमसाठी जागा निघते तर यासाठी पण निघेल. बीडीडी चाळींचं काम तर सरकारच म्हाडाकडून करतंय, वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १९५ चाळी, १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांचं घर, वरळीत लोक राहायला पण गेले. ज्या इमारती अजून कागदावर आहेत त्यांच्यात हे आत्ता घालता येईल, स्लॅब टाकून झाल्यावर कोणी ऐकणार नाही.

जाता जाता, खालच्या कॅफेचा मॅनेजर परवा गेटवर भेटला, चांगला मुलगा आहे, म्हणाला मावशी गणपतीत उकडीचे मोदक द्याल का रोज दीडशे. मी हो म्हणून बसलेय. ते करायचे कुठे हा विषय पुढच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगला ठेवलाय.

आपली एक वाचक,
करी रोड, मुंबई