मिश्रीचं नाव का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्तन-पुनर्रचनेच्या तयारीवरचा लेख वाचला. डॉक्टरांनी सोपं लिहिलंय, त्याबद्दल आभार. पण ‘महिनाभर आधी धूम्रपान थांबवा’ या ओळीचा राग अजून गेलेला नाही. आमच्याकडच्या किती बायका विड्या ओढतात? त्या मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात. धूम्रपान म्हटलं की ‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणून पुढचं वाचतात.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं हेच झालं. स्तन काढून, रेडिएशन होऊन दोन वर्षं झालेली. पोटाची कातडी आणि चरबी घेऊन नवा स्तन घडवायचं ठरलं. पोटाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन झाला, साखर तपासली, पुढून उघडणारे चार गाऊन मी शिवून आणले. फॉर्मवर ‘धूम्रपान’पुढं ‘नाही’ लिहिलं तेही मीच. भरती झाल्यावर भुलीच्या डॉक्टर बाईंनी तोंड उघडायला सांगितलं, काळे दात बघितले आणि विचारलं, “मावशी, मिश्री लावता?” जाऊबाईंनी उशाखालची डबी काढून दाखवली. घरी तव्यावर भाजलेली. त्या सकाळीही लावली होती.

ऑपरेशन सहा आठवडे पुढं गेलं. सर्जननी समजावलं, पोटाच्या त्या भागाच्या बारीक रक्तवाहिन्या छातीतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. निकोटिननं त्या आकसतात. रक्त पोचलं नाही तर लावलेला भाग काळा पडतो, काढून टाकावा लागतो. धूर असो वा मिश्री, निकोटिन तेच. हे आम्हाला पहिल्या भेटीत कुणी विचारलं असतं तर?

जाऊबाईंनी डबी माझ्या हातात दिली ती कायमची. पहिले काही दिवस पहाटे उठल्या की बोट नुसतंच दातांवर फिरायचं, कोरडं. पण सोडली. ऑपरेशनही नीट झालं.

तेव्हा पुढच्या वेळी मिश्री, तपकीर, गुटखा ही नावं स्पष्ट छापा, ही कळकळीची विनंती.

आणखी एक. लेखावर ‘सौंदर्य’ अशी पट्टी का? आमचा विम्याचा दावा याच शब्दापायी परत आला होता. विमा नियामकानं ठरवून दिलेल्या कलमात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळली आहे. पण अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना वगळलेली नाही. ते दाखवायला भाऊजींना तीन हेलपाटे पडले. कृपया तो लेख ‘आरोग्य’ सदरात पुन्हा छापा.

आपली नियमित वाचक,
कराड