हमीपत्रावर माझी सही आहे

भोसरी, मंगळवार रात्र

चि. अजित यास,
अनेक आशीर्वाद.

मावशीकडचे सगळे झोपलेत. सकाळी नाशिक फाट्यावरून मेट्रोनं स्वारगेट गाठीन आणि म्हसवडची गाडी धरीन. ही चिठ्ठी लाडवांच्या डब्याबरोबर निखिल तुला आणून देईल. फोन केला असता, पण फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. आणि काल अनिकेत कँटीनला आपला आवाज चढला, पोरं वळून बघायला लागली, म्हणून जे बोलायचं ते राहूनच गेलं.

विशालला तुझ्या हॉस्टेलच्या खोलीत ठेवून घेतलंस याचा मला राग नाही. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या लक्षात राहील.

असा नाव नसताना दुसऱ्याच्या खोलीत चोरून राहणारा, तुमच्यात त्याला पॅरासाइट म्हणतात, हे निखिलनं सांगितलं. पुण्यातल्या हॉस्टेलांत हे जुनंच आहे, त्यात काही मोठं नाही, असंही म्हणाला. असेल. पण प्रवेशाच्या वेळी आपण जो कागद भरून दिला, त्याच्या खाली पालक म्हणून सही माझी आहे. तू घाई करत होतास, "आई, ते सगळ्यांकडून घेतात, कर सही." अंगणवाडीची रजिस्टरं लिहून लिहून मला वाचल्याशिवाय सही करवत नाही, तुला माहीत आहे. त्यात स्पष्ट होतं की खोलीत दुसऱ्या कुणाला मुक्कामाला ठेवलं तर वसतिगृहाचा प्रवेश रद्द होईल. दंड भरून सोडू, असं लिहिलेलं नव्हतं. आणि काल तूच सांगितलंस की रात्रीच्या तपासणीत पलीकडच्या विंगेतल्या एका मुलाचं सामान बाहेर निघालं. ते सांगताना तू हसलास. मला नाही हसता आलं.

खोली गेली तर काय, एवढंच रात्रभर डोक्यात चाललंय. औंधला नाही तर खडकीला चौघांत मिळून खोली घेतली तरी भाडं आणि मेस मिळून माझं निम्म्याहून जास्त मानधन तिथंच संपेल. आबांच्या कांद्याचं काय झालं ते तू बघितलंस. आक्काच्या बाळंतपणाचं अजून देणं आहे. मग तू म्हणशील, मी काम करीन. करशीलच. कमवा आणि शिकाचे तास भरून तू रात्री अभ्यास करतोस, ते मी बघते. पण त्याच्यावर आणखी काम घेतलंस तर एम.एस्सी.चं हे वर्ष कसं निघायचं?

मला तो प्रवेशाचा दिवस आठवतो. तू मुख्य इमारतीसमोर उभा राहून मला सांगत होतास, आई, हा पूर्वी गव्हर्नरचा बंगला होता, 1949 साली इथं विद्यापीठ झालं, चारशे अकरा एकर जागा आहे. मला चारशे अकरा एकर म्हणजे किती ते डोळ्यांपुढं येईना. आपल्या तीन एकरांच्या मानानं मोजत बसले. मग तू जयकर ग्रंथालय दाखवलंस, तिथली वाचणारी पोरं दाखवलीस, आणि एवढी झाडं बघून मी म्हटलं, इथं पाऊस आपल्यासारखा रुसत नसणार. त्या दिवशी तुझ्या खोलीत मला येता आलं नाही, बायकांना वर सोडत नाहीत. म्हणून खाली पायरीवर बसूनच तुझ्या गादीला खोळ घातली. भूगर्भशास्त्राला आपल्या घरातला कुणी जाईल असं नानांना स्वप्नातसुद्धा वाटलं नसेल. दिवाळीत तू मला रिकाम्या वहीवर काळ्या पाषाणाचे थर काढून दाखवलेस, पाणी दगडात नसतं, वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत असतं, भेग लागली नाही तर बोअर कितीही खोल न्या, कोरडंच. आबा तिथंच बसून होते, काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पारावर चौघांना तेच सांगत होते, आमचा अजित असं म्हणतो.

म्हणून म्हणते, खोली सांभाळ. बघ, पुन्हा तिथंच आले.

काल तू मला लक्ष्मीबाईंचं सांगितलंस. नानांच्या बोर्डिंगमधल्या गोष्टी तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. कर्मवीर अण्णांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्रसुद्धा दिलं, आणि मी एका गादीचा अर्धा भाग देऊ नको का, असं तू विचारलंस. मला तिथं उत्तर सुचलं नाही. खरं सांगते, ऐकताना ऊर भरून आला होता, आणि त्याच वेळी तुझ्यावर ओरडत होते. बसमध्ये बसल्यावर सुचलं. लक्ष्मीबाईंनी दिलं ते त्यांचं स्वतःचं होतं. ती खोली तुझी नाही रे. तुला नंबर लागला म्हणून दोन वर्षांसाठी दिलेली आहे. यादीत तुझ्या खाली जे नाव होतं, तो पोरगाही कुठल्या तरी गावाचाच असेल, तोही नियम पाळून बाहेर भाडं भरत असेल. तुझ्या ताटातलं दे, तुझ्या कमाईतलं दे, माझ्या पेटीतलं माग, मी नाही म्हणणार नाही. पण जे आपलं नाही ते देऊन दानत दाखवू नये.

झालं, अंगणवाडीतल्या पोरांना समजावल्यासारखं तुला समजवायला लागले. राग मानू नकोस. तू बावीस वर्षांचा आहेस, हे मला कळतं.

तुझ्या ताटाचं मात्र बोलायलाच हवं. काल तू उभा राहिलास तेव्हा पट्ट्याकडं नजर गेली. खिळ्यानं नवीन भोक पाडलंयस, आणि त्याच्या कडेचं रेक्झिन अजून पांढरं आहे, म्हणजे अलीकडचंच. मेसच्या एका कार्डावर दोघं जेवताय ना? तू आधी जाऊन खातोस आणि दोन पोळ्या रुमालात वर नेतोस, हो की नाही? विशाल माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा त्याच्याही मानेची हाडं दिसली. पायात तुझी चप्पल होती. तो पोरगा माझ्याकडं बघेना. त्याला वाटलं असणार, काकी आता हाकलायला आल्या.

अजित, तुला चारा छावणी आठवते का? 2013 चा उन्हाळा. तू चौथीत होतास. आठवत असेल ते तुम्हा पोरांचं हुंदडणं, बाकीचं नसेल. म्हसवडच्या छावणीत आपली दावण आणि विशालच्या घरची दावण शेजारी-शेजारी होती. उसाचे वाढे खाऊन खाऊन जनावरांची तोंडं सोलून निघाली होती, आपली कपिला तर वैरणीला तोंडच लावेना. आबा गावाकडं, मी छावणीत, आणि तुला तशात ताप भरला. टँकर आला की बायकांची जी रेटारेटी व्हायची ती विचारू नकोस. त्या दिवशी सुमनकाकीचा नंबर आधी होता. तिनं आपली घागर मागं ओढली आणि माझी पुढं सारली. बोलली काहीच नाही. टँकर आटला तेव्हा तिच्या घागरीत तळाला चार बोटं पाणी होतं. तुझ्या कपाळावरच्या घड्या मी त्या दिवशी तिच्या वाटच्या पाण्यानं बदलल्या. रात्री तू आणि विशाल एकाच वाकळेत, खोंडाच्या पायाशी झोपायचात. मला भीती वाटायची, खोंडानं पाय टाकला तर? सुमन म्हणायची, नाही टाकत, त्याला कळतं.

त्या सुमनच्या पोराला बाहेर काढ असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर?

विशालचं मी रात्री मावशीशी बोलत बसले. त्याची खरी अडचण अशी आहे की बी.ए. झाल्यावर त्याचं कुठल्याच कॉलेजात नाव नाही. हॉस्टेल शिकणाऱ्याला, शिष्यवृत्ती शिकणाऱ्याला, पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृहाचा निर्वाह भत्ता मिळतो तोही शिकणाऱ्यालाच. नुसता एमपीएससीचा अभ्यास करणारा कशातच बसत नाही. म्हणून असली पोरं नवी पेठेत, सदाशिव पेठेत कॉटवर राहतात आणि अभ्यासिकेत दिवस काढतात. 2021 च्या मार्चमध्ये परीक्षा पुढं ढकलली तेव्हा शास्त्री रस्त्यावर जी पोरं उतरली होती, ती टीव्हीवर बघून सुमन रडली होती. तेव्हा विशाल शाळेतच होता, तरी ती म्हणाली, माझंही पोरगं असंच रस्त्यावर बसणार का गं. आता तर राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, हातानं पानंच्या पानं लिहायची. तुझ्या खोलीत दिवा झाकून, पाऊल वाजलं की बाथरूममध्ये जाऊन उभं राहून त्या पोराचा कसला अभ्यास होणार? त्याच्याही बाजूनं विचार कर. तपासणीची भीती तुझ्याएवढीच त्यालाही असेल, वर तुझं नुकसान होईल ही आणखी.

तर असं करा. डब्यात लाडवांच्या खाली, कागदाच्या पुडीत पैसे आहेत. माझ्या भिशीचे आहेत, आबांना मी सांगेन. त्यात पेठेतल्या कॉटचं डिपॉझिट आणि सुरुवातीचं भाडं निघेल. निखिलचा मित्र नवी पेठेतली एक अभ्यासिका बघतो, तिथं सकाळी उघडायला आणि रात्री कुलूप लावायला मुलगा हवाय. त्या बदल्यात बसायची जागा फुकट मिळेल. विशाल पहाटे उठणारा आहे, त्याला जमेल. सारथी या सरकारी संस्थेच्या मोफत क्लासची प्रवेश परीक्षा कधी असते तेही त्याला बघायला सांग. आगरकर रस्त्याला त्यांचं ऑफिस आहे, जाऊन विचारलेलं बरं. पैसे मी दिले असं त्याला सांगू नकोस. तू साठवलेस म्हण. नाही तर सांग, तूच ठरव. तो तुझा मित्र आहे, त्याला कुठल्या शब्दांत बोलायचं ते तुला जास्त कळतं. पण "आईनं जायला सांगितलं" एवढं मात्र त्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस. सुमनपर्यंत ते पोचलं तर मला तिच्या दारात उभं राहता येणार नाही.

रविवारपर्यंत हे कर. सोमवारी नाही, रविवारीच.

आणि जेवायचं सोडू नकोस. लाडू दोघांत वाटून खा, त्यात डिंक आहे, रोज एक पुरे. खोलीत हिटरची कॉइल लावत असशील तर तीही आजच काढ. चालत नाही आणि शॉक बसायचा. आबांना गुरुवारी फोन कर, विहिरीच्या गाळाचं त्यांना तुला काहीतरी विचारायचंय. स्वतःहून फोन करणार नाहीत, वाट बघतात.

तुझी
आई

ता. क. – विशाल गेला की तू स्वतः होऊन रेक्टर सरांना भेट, असं आधी लिहिणार होते. मावशी म्हणते, कशाला ओढवून घ्यायचं. मला अजून कळत नाही. तू तुझ्या मनाला विचार. पण त्याच्या आत तपासणी झाली तर काहीही लपवू नकोस, पहिला फोन मला कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. मी गाडी धरून येईन आणि सरांना सांगेन की सही माझी आहे.