ट्यूबलाइट उतरवल्या, पण टाकायच्या कुठे?

संपादक महोदय,

पाऱ्याचे थर्मामीटर औषधाच्या दुकानांतून जवळजवळ हद्दपार झाले, सीएफएल आता कोणी मागत नाही आणि साधी ट्यूबलाइटही जाण्याच्या वाटेवर आहे. तिचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे मिनामाता या पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२३ मधील जिनिव्हा बैठकीत ठरले. हा करार भारताने २०१८ साली स्वीकारला आहे. हे सगळे स्वागतार्हच. पण घरोघरी आधीच येऊन बसलेल्या पाऱ्याचे काय करायचे, याची चर्चा कुठे दिसत नाही.

आमच्या सोसायटीने जिन्यांत आणि पार्किंगमध्ये नुकतेच एलईडी लावले. उतरवलेल्या ट्यूब घ्याल का, असे घंटागाडीवाल्याला विचारले तर म्हणाला, ‘‘फोडून गोणीत भरून द्या, अख्ख्या नाही घेत.’’ त्याला काय बोलणार? ट्यूबमध्ये पारा असतो हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही, आणि फुटल्यावर त्याची वाफ पहिल्यांदा त्याच्याच नाकात जाणार. भंगारवाल्याला फक्त टोकांच्या धातूच्या टोप्या हव्या असतात, म्हणजे तिथेही फोडणे आलेच.

सीएफएलमध्ये पारा असतो पाचेक मिलिग्रॅमपर्यंत. जुन्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे शंभर-दोनशे सीएफएलइतका! डॉक्टरांकडच्या जुन्या उभ्या बीपी यंत्रात तर ऐंशी-शंभर ग्रॅम. एखादा दवाखाना बंद होतो, सामान निघते आणि ते यंत्र रद्दीबरोबर जाते. पुढे कचराभूमीला आग लागली की त्यातला पारा हवेत जातो, पावसात वाहून खाडीत उतरतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरी हे विषारी संयुग करतात आणि ते मासळीच्या अंगात साठत जाते. जपानच्या मिनामाता गावात १९५६ मध्ये जो आजार उघडकीस आला, तो कारखान्याने समुद्रात सोडलेल्या याच विषाने दूषित झालेली मासळी खाऊन झाला होता. खाडीकाठच्या आणि बांगडा-बोंबील खाणाऱ्या आपल्या जिल्ह्याने तरी हे मनावर घ्यावे. देशातले उदाहरण हवे असेल तर तमिळनाडूतल्या कोडाईकनालचे आहे. तिथला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, पण कामगारांच्या भरपाईचा वाद मिटायला २०१६ उजाडले आणि पाऱ्याने दूषित झालेल्या मातीचा प्रश्न त्यानंतरही उरला.

नियम नाहीत असे मुळीच नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ट्यूबलाइट, सीएफएल आणि फुटके थर्मामीटर यांना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले होते. तो जमा करण्यासाठी शहरात दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असेही तिथे लिहिले होते. आपल्या शहरात असे केंद्र कुठे आहे, हे कोणा वाचकाला ठाऊक असल्यास जरूर कळवावे. उपरोधाने नाही, खरेच विचारतो आहे. ई-कचऱ्याच्या नियमांनुसार पाऱ्याच्या जुन्या दिव्यांवर पुनर्प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण दुकानदाराला जुनी ट्यूब घ्या म्हटले की तो आपल्याकडेच विचित्र नजरेने पाहतो.

जाता जाता एक. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याची आणि कारण गोरे करणाऱ्या क्रीममधला पारा असल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला वाचली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते उघड झाले. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला कायद्याने मनाईच आहे. तरीही ब्यूटी पार्लरमध्ये बिनलेबलची डबी मिळते, म्हणजे नुसत्या बंदीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

जुने घेऊन नवे देणे आपल्याला अवघड नाही. २००९ च्या बचत लॅम्प योजनेत साधा बल्ब परत दिला की पंधरा रुपयांत सीएफएल मिळत असे. तसेच आता विजेच्या सामानाच्या दुकानात जुनी अख्खी ट्यूब दिल्यास एलईडीवर दहा-वीस रुपये सूट मिळावी आणि तिचा भार उत्पादकांनी उचलावा. पालिकेने प्रत्येक प्रभाग कार्यालयात ट्यूबसाठी एक उभी पेटी ठेवावी. थर्मामीटर आणि बीपी यंत्रे जमा करून घेण्याचे काम पालिकेच्या दवाखान्यांकडे द्यावे आणि त्यांचे पत्ते मालमत्ता कराच्या बिलामागे छापावेत. ते बिल तरी प्रत्येक घरी न चुकता पोहोचते.

– एक वाचक, जि. ठाणे